हेलियम रोपलेल्या पोलादावर एका खेपेला फोड, दुसऱ्या खेपेला काहीच नाही: चूक कुठे शोधायची?

"मॅडम, पोलाद तेच, ऊर्जा तीच, डोसही तोच. मार्चच्या नमुन्यांवर एकसुद्धा फोड नाही आणि जुलैच्या नमुन्यांची अख्खी कातडी वर आलीय. तुमचं पॉलिश बिघडलं का?"

असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका धातुपरीक्षण प्रयोगशाळेत काम करते. नमुने कापणं, पॉलिश करणं आणि शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे आमचं काम. मधला टप्पा, म्हणजे नमुन्यात हेलियमचे आयन घुसवणं, जिथे त्वरक, म्हणजे आयनांना प्रचंड वेग देणारं यंत्र, असतो तिथे होतो. त्यामुळे काही विचित्र दिसलं की पहिला संशय आमच्या पॉलिशवर येतो, आणि महिना जुलैचा असेल तर पावसावर.

वरचा प्रश्न विचारणारी मुलगी पीएचडी करत होती. तिने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: फोड आलेली खेप बिघडलेली आहे, आणि बिघाड पृष्ठभागात आहे. दोन्ही चुकीच्या निघाल्या. जुलैचे नमुने बरोबर होते. मार्चच्या त्या स्वच्छ, चकचकीत, सगळ्यांना आवडलेल्या नमुन्यांत ठरवल्याच्या निम्मंही हेलियम गेलं नव्हतं. तिथपर्यंत पोहोचायला आम्हाला पाच आठवडे लागले. तुमचे पाच आठवडे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडक्यात, फोड येतातच का. हेलियम धातूत विरघळत नाही. लोखंडाच्या जाळीत दोन अणूंच्या मधल्या फटीत अडकलेला हेलियमचा अणू इतका सैल असतो की हलायला त्याला सुमारे ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) पुरतात. खोलीच्या तापमानालाही तो भटकत असतो. पण जिथे लोखंडाचा एखादा अणू जागेवरून उडालेला आहे, अशी रिकामी जागा भेटली की तो तिथे बसतो आणि तिथून निघायला त्याला २ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त लागतात. एकामागून एक अणू तिथेच गोळा होतात. रिकाम्या जागा कमी पडल्या तर आतल्या दाबाने शेजारचे लोखंडाचे अणू ढकलून बाहेर काढतात. असे बुडबुडे पृष्ठभागाखाली एकाच खोलीवर दाटीने तयार झाले की वरचा थर सुटतो. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा पापुद्रा जसा एका ठरावीक जाडीचाच सुटतो, तसंच इथे. १०० किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हेलियम आयन लोखंडात साधारण पाव मायक्रॉनच्या जरा पुढे जाऊन थांबतो, आणि सुटलेल्या पापुद्र्याची जाडीही त्याच्याच आसपास भरते.

तिचा ठरवलेला डोस होता चौरस सेंटिमीटरला ३ वर १७ शून्यं इतके आयन. पाव मायक्रॉनच्या त्या पट्ट्यात हिशोब केला तर ऐन शिखरावर लोखंडाच्या दर १०० अणूंमागे १५ ते २० हेलियम. हा फोड येण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा आकडा आहे. धातूंवर फोड साधारण १ वर १७ शून्यं ते १ वर १८ शून्यं या टप्प्यात उठतात. धातू, तापमान आणि ऊर्जेनुसार उंबरठा सरकतो. उंबरठ्यावर उभं राहून प्रयोग करायचा तर डोसातली थोडीशी चूकही दार उघडते किंवा बंद करते. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी, ते फोडच आहेत ना?

हसण्यावारी नेऊ नका. ९ टक्के क्रोमियमचं पोलाद स्टेनलेस नसतं. त्यासाठी किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. आमच्याकडे जुलैत, खाडीच्या हवेत, आरशासारखा पॉलिश केलेला टी-९१ चा, म्हणजे अशाच पोलादाचा, नमुना रात्रभर टेबलावर उघडा राहिला तर सकाळी ठिपके दिसतात. बोट लागलेलं असेल तर बोटाच्या रेषांवर ठिपके. वरून सरळ पाहिलं तर फारसं मोठं न केलेल्या चित्रात हे ठिपके आणि लहान फोड सारखेच भासतात. नमुना ५० ते ६० अंश कलता करून पाहा. फोड घुमटासारखा उठलेला दिसतो, फुटलेला असेल तर खाली गुळगुळीत तळ आणि कडेला पापुद्र्याची धार दिसते. गंज ओबडधोबड असतो, आणि तिथे एक्स-रे वर्णपटात ऑक्सिजनची रेषा वर येते. शेवटच्या पॉलिशमधले सिलिकाचे कणही कधीकधी चिकटून राहतात. तिथे सिलिकॉन दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र बिघाड समजू नका. एकाच नमुन्यात एका स्फटिककणावर दाट फोड आणि शेजारच्या कणावर तुरळक, असं दिसलं तर ते स्वाभाविक आहे. प्रत्येक कणाची दिशा वेगळी, त्यामुळे आयन किती आत शिरतो आणि थर कसा सुटतो हेही वेगळं. म्हणून दोन खेपांची तुलना एकेका फोटोवरून करू नका. निदान २०-२५ कण मोजा.

जुलैचे नमुने कलते करून पाहिले तर फोड अस्सल होते. पावसावरचा संशय तिथेच निम्मा गेला.

मोजणी: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

आयन मोजतात म्हणजे प्रत्यक्षात विद्युतभार मोजतात. एकेरी भाराचा हेलियम असेल तर १० मायक्रोअँपिअरचा बीम १ चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८० मिनिटं ठेवला की तिचा डोस पुरा होतो. हिशोब सरळ आहे. पण आयन धातूवर आदळला की तिथून इलेक्ट्रॉन उडतात. ऋण इलेक्ट्रॉन बाहेर गेला काय आणि धन आयन आत आला काय, मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. या ऊर्जेच्या हेलियमच्या एका आयनामागे एक-दोन, कधी जास्तही इलेक्ट्रॉन उडतात. म्हणजे मीटर दुप्पट-तिप्पट दाखवतो, चालक ठरलेल्या आकड्याला बीम बंद करतो, आणि नमुन्यात गेलेलं असतं निम्मं किंवा एक तृतीयांश.

याला उपाय जुना आणि साधा आहे. बीमचा भार ज्यात गोळा करून मोजतात त्या फॅरेडे कपाच्या तोंडाशी एक कडं असतं, त्याला काहीशे व्होल्टचा ऋण विद्युतदाब देतात. उडालेले इलेक्ट्रॉन परत आत ढकलले जातात. मार्चच्या खेपेच्या आदल्या आठवड्यात त्या केंद्रात देखभाल झाली होती आणि या कड्याची केबल परत जोडलीच गेली नव्हती. रोजच्या नोंदवहीत त्या दाबाचा रकाना रिकामा होता. तिथल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञ काकांनी मला फोनवर तो रकाना वाचून दाखवला आणि स्वतःच म्हणाले, "अगं बाई, हे तर रिकामंच आहे." त्यांच्या प्रामाणिकपणामुळे उलगडा झाला; मी त्यांची कायमची ऋणी आहे.

तुम्ही त्वरकावर जाल तेव्हा ही एकच चाचणी मागून घ्या. बीम स्थिर ठेवा, कड्याचा दाब शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. मीटरचा आकडा आधी उतरत जाईल, मग एका ठिकाणी सपाट होईल. त्या सपाट भागातच काम करा. आकडा उतरलाच नाही तर दाब कड्यापर्यंत पोहोचत नाहीये. आकडा उतरतच राहिला तर दाब अजून पुरेसा नाही. दहा मिनिटं लागतात, आणि कुणी नाही म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

काही ठिकाणी कपाऐवजी नमुन्याच्या धारकावरूनच प्रवाह मोजतात. तिथे आणखी एक गुंता आहे. ऑक्साइडचा थर असलेला किंवा मळलेला पृष्ठभाग जास्त इलेक्ट्रॉन फेकतो. म्हणजे गंजाचा पातळसा थर हेलियमला अडवत नसला तरी मोजणी बिघडवतो. पॉलिशचा दोष डोसामध्ये असा लपून शिरतो, आणि फोडांच्या फोटोत तो कधीच दिसत नाही.

उलट्या दिशेची चूकही होते. बीमच्या वाटेवर निर्वात नीट नसेल तर काही आयन वाटेतल्या वायूकडून इलेक्ट्रॉन उचलतात आणि निर्भार होतात. ते नमुन्यात घुसतात, हेलियम म्हणून पूर्ण काम करतात, पण मीटरला दिसत नाहीत. मग डोस ठरवल्यापेक्षा जास्त जातो. पावसाळ्यात कक्ष उघडला की भिंतींवर पाणी बसतं आणि निर्वात व्हायला वेळ लागतो. घाईने बीम सुरू केला तर हा प्रकार वाढतो. जुलैच्या खेपेत हे झालंय का, हेही आम्ही पाहिलं. निर्वाताच्या नोंदी चांगल्या होत्या.

दुहेरी भाराचा हेलियम वापरत असाल तर दोन प्रश्न विचारा. पहिला, भागाकार दोनने केला आहे का? दुसरा, चुंबकातून हायड्रोजनचा रेणू-आयनही सोबत येत नाहीये ना? दुहेरी भाराच्या हेलियमचं वस्तुमान भागिले भार जवळजवळ २ येतं, आणि एकेरी भाराच्या हायड्रोजन रेणूचंही जवळजवळ २. साधा चुंबक त्यांना वेगळं करू शकत नाही. आयन-स्रोतात ओलावा असेल तर तुम्ही हेलियम समजून हायड्रोजन मोजत असता.

हे सगळं करूनही मनात शंका राहिली तर नमुन्यातलं हेलियम प्रत्यक्ष मोजा. नमुना निर्वातात तापवत न्यायचा आणि बाहेर पडणारं हेलियम वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजायचं. याला थर्मल डिसॉर्प्शन म्हणतात. आम्ही मार्चचा एक नमुना बळी दिला आणि उत्तर निम्म्याहून कमी आलं. रकान्याचा संशय तिथे पक्का झाला.

याशिवाय माझी एक सवय आहे, तिची शिफारस मी सगळ्यांना करते. अर्धा नमुना पातळ धातूच्या पट्टीने झाकून ठेवा. रोपण झालेला भाग किंचित फुगतो, आणि झाकलेल्या भागाच्या सीमेवर काही नॅनोमीटरची पायरी तयार होते, ती मोजता येते. दोन खेपांच्या पायऱ्या वेगळ्या आल्या तर फोड मोजत बसायच्या आधीच समजतं की हेलियम सारखं गेलेलं नाही. शिवाय झाकलेला अर्धा भाग हा तुमचा तुलनेचा नमुना. त्याच तुकड्यातला, त्याच पॉलिशचा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

कुणी म्हणेल, फोडांच्या प्रयोगात डोस दुप्पट-निम्मा झाला तर काय बिघडलं. बिघडतं ते असं. रोपण आपण करतो ते अणुभट्टीतल्या धातूचं भविष्य लवकर पाहता यावं म्हणून. तिथे हेलियम बाहेरून येत नाही, धातूच्याच पोटात जन्मतं. न्यूट्रॉन बोरॉन-१० ला लागला की हेलियम आणि लिथियम निघतात. पोलादात बोरॉन मूठभरही नसतं, पण औष्णिक, म्हणजे मंदावलेले, न्यूट्रॉन पकडायची त्याची भूक प्रचंड. निकेलची वाट दोन टप्प्यांची आहे: निकेल-५८ आधी एक न्यूट्रॉन गिळून निकेल-५९ होतं, मग दुसरा न्यूट्रॉन लागला की हेलियम बाहेर टाकून लोखंड-५६ होतं. म्हणून निकेलवाल्या धातूंत हेलियमची वाढ सुरुवातीला मंद आणि पुढे वेगवान असते. कॅनडातल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत दाबनळी आणि बाहेरची नळी यांच्या मध्ये इन्कोनेल एक्स-७५० च्या स्प्रिंगा असतात. त्यांच्यात निकेल सुमारे ७० टक्के. वर्षानुवर्षं औष्णिक न्यूट्रॉन खाऊन त्या ठिसूळ झाल्या, आणि त्यामागे मोठा वाटा हेलियमचा होता. आपल्या भट्ट्यांत त्या जागी झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा वापरल्या गेल्या, तिथे निकेलचा हा प्रश्न येत नाही.

पूर्वी आमच्याच ठाणे जिल्ह्यात असलेलं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेलं तारापूर घ्या. तिथली पहिली दोन युनिटं १९६९ पासूनची. इतक्या जुन्या भट्टीत स्टेनलेस स्टीलच्या आतल्या भागाला वेल्डिंग करायची वेळ जगात कुठेही आली की पहिला प्रश्न असतो: यात हेलियम किती झालंय? साधारण स्टेनलेसमध्ये ८ ते १० टक्के निकेल असतं. दशलक्ष अणूंमागे एखादा हेलियम अणू असेल तरी नेहमीच्या वेल्डिंगला तडे जाऊ शकतात. वेल्डची उष्णता मिळाली की कणांच्या सीमांवरचे बुडबुडे वाढतात. मग थंड होताना धातू आकसतो आणि सीमा फाटतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हरच्या एका भट्टीची टाकी वेल्डिंगने दुरुस्त करताना हेच झालं. एक तडा बुजवायला गेले आणि वेल्डच्या कडेला नवे तडे पडले. तेव्हापासून कमी उष्णतेच्या वेल्डिंगवर, लेसरवर आणि घर्षणाने जोडण्यावर काम चालू आहे.

म्हणजे जिथे दशलक्षात एक आणि दशलक्षात दहा यांत दुरुस्ती होईल की नाही हे ठरतं, तिथे आपण 'डोस साधारण एवढा' असं लिहून चालत नाही. तिच्या प्रबंधात मार्चचा निकाल 'या पोलादावर या डोसालाही फोड येत नाहीत' असा जाणार होता. तो छापून आला असता आणि पुढे कुणीतरी त्यावर विसंबलं असतं. मला त्या विचाराने अजून अस्वस्थ व्हायला होतं.

तापमान: थर्मोकपल कुठे आहे?

डोसाखालोखाल हा भाग. १० मायक्रोअँपिअर, १०० किलोव्होल्ट, म्हणजे १ वॉट. १ चौरस सेंटिमीटरवर १ वॉट हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण निर्वातात हवा नसते, उष्णता फक्त धारकाकडे वाहून जाते किंवा उत्सर्जित होते, आणि चकचकीत पोलाद उत्सर्जनात फार वाईट. धारकाशी संपर्कच नाही असं धरून हिशोब केला तर नमुना ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातो. संपर्क अर्धवट असेल तर मधे कुठेतरी अडकतो, आणि धारकात बसवलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, बिचारा ४० अंश दाखवत राहतो.

कार्बन टेपवर चिकटवलेले नमुने माझ्याकडे येतात तेव्हा मी डोक्याला हात लावते. ही टेप सूक्ष्मदर्शकासाठी आहे, उष्णता वाहून नेण्यासाठी नाही. तापली की वायू सोडते आणि पृष्ठभागावर कार्बनचा थर बसतो. चांदीची पेस्ट पूर्ण वाळवून वापरा, किंवा नमुन्याखाली ग्रॅफाइटची पातळ पत्री ठेवून वरून स्क्रूने दाबा. थर्मोकपल नमुन्याच्याच पृष्ठभागाच्या कडेला, बीमच्या बाहेर, टाका लावून जोडा. अवरक्त कॅमेऱ्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. चकचकीत पोलादाचं उत्सर्जन-गुणक चुकीचं भरलं तर शंभर अंशांची चूक सहज होते.

तापमानाने चित्र का बदलतं? खोलीच्या तापमानाला हेलियमचे लहान लहान पुंजके होतात, बरेचसे नजरेला दिसतसुद्धा नाहीत. लोखंडाच्या वितळणबिंदूच्या, केल्विनमध्ये मोजलेल्या, निम्म्यावर म्हणजे साधारण ६३० अंश सेल्सिअसला पोहोचलात की रिकाम्या जागा मुक्तपणे फिरतात, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कणांच्या सीमांवर जमा होतात. धातूचा लवचीकपणा घालवणारं हेलियम ते हेच. त्या स्थितीत ओढला तर तुकडा फारसा न ताणता सीमेसीमेने तुटतो. म्हणून ऑक्साइडचे २ ते ५ नॅनोमीटरचे कण पेरलेल्या पोलादांवर एवढी मेहनत घेतली जाते. हेलियम त्या कणांपाशी अडकून राहतं आणि सीमांपर्यंत पोहोचतच नाही.

तिच्या दोन्ही खेपा चांदीच्या पेस्टवर होत्या. तापमान दोषी नव्हतं.

पृष्ठभाग: आमच्या टेबलावरचं

इथे मी स्वतःला सोडत नाही. डायमंड पेस्टचं पॉलिश आरशासारखं दिसतं, पण खाली विरूपित थर राहतो, आणि तो एखाद-दोन मायक्रॉनचाही असू शकतो. तुमचं हेलियम तर पाव मायक्रॉनवर थांबणार. म्हणजे सगळा प्रयोग आम्ही बिघडवलेल्या धातूतच होतो. त्या थरातल्या विस्थापन-रेषा, म्हणजे अणूंची रांग जिथे सरकलेली असते त्या रेषा, हेलियमला अडवतात आणि बुडबुडे तिथे वेगळे बनतात. रोपणासाठीचा नमुना आहे हे आम्हाला आधीच सांगा. मग शेवटी कोलॉइडल सिलिकावर कंपन-पॉलिश काही तास चालवतो, किंवा इलेक्ट्रोपॉलिश, म्हणजे आम्लाच्या द्रावात वीज सोडून पॉलिश, करतो.

इलेक्ट्रोपॉलिश घरच्या घरी करू पाहणाऱ्यांना हात जोडून सांगते: परक्लोरिक आम्लाचे द्राव थंड ठेवा, प्रमाण पाळा, आणि अॅसिटिक अॅनहायड्राइडसोबतच्या जुन्या कृती करू नका. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका कारखान्यात असाच द्राव फुटला आणि १७ माणसं गेली.

पॉलिश झालेला नमुना अल्कोहोलने धुऊन, गरम हवेने वाळवून, सिलिका जेल घातलेल्या निर्वात पाकिटात बंद करून मगच तुर्भ्याहून निघू दे. जेल निळी आहे की गुलाबी झालीय ते पाहा. पावसाळ्यात ती दोन दिवसांत गुलाबी होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

बुडबुडे दिसतात, पण ते बुडबुडे आहेत का?

फोड नसतानाही हेलियम गेलंय की नाही हे पाहायला मुलं पारेषण सूक्ष्मदर्शकाकडे (पातळ कापाच्या आरपार इलेक्ट्रॉन सोडून पाहणाऱ्या) जातात आणि तिथे दुसरा घोळ होतो. केंद्रित गॅलियम बीमने काप काढला की तो बीम स्वतःच काळे ठिपके पेरतो. ३० किलोव्होल्टला दोन्ही बाजूंना २०-३० नॅनोमीटरपर्यंत. शेवट ५ आणि मग २ किलोव्होल्टने साफ करून घ्या. शिवाय काप झाकलेल्या अर्ध्या भागातूनही काढा. तिथेही तेच ठिपके दिसले तर ते हेलियमचे नाहीत.

खरा बुडबुडा ओळखायला फोकस हलवा. कमी फोकसला तो उजळ आणि भोवती काळी कड. जास्त फोकसला काळा आणि भोवती उजळ कड. ऐन फोकसला जवळजवळ नाहीसा. जो ठिपका फोकस बदलूनही रंग बदलत नाही, तो मोजू नका. आणि एका नॅनोमीटरच्या खालचे बुडबुडे दिसतच नाहीत, तेव्हा 'बुडबुडे नाहीत' असं न लिहिता 'एका नॅनोमीटरच्या वरचे दिसले नाहीत' असं लिहा.

हेलियमने धातू किती कडक झाला हे पाहायला सूक्ष्म टोक रुतवून नॅनो-कडकपणा मोजतात, तेव्हा टोकाखालचा विरूपणाचा भाग टोकाच्या खोलीच्या पाच पट किंवा अधिक खाली जातो. ३०० नॅनोमीटरचा थर असेल तर ६० नॅनोमीटरच्या पुढचा आकडा खालच्या कोऱ्या धातूचाही आहे. त्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या ऊर्जांनी रोपण करून हेलियमचा पट्टा जाड आणि सपाट करून घ्या.

शेवटी तिचं काय झालं

ऑगस्टअखेर तिसरी खेप गेली. सहा तुकडे, सगळे अर्धे झाकलेले. तिने स्वतः कड्याचा दाब वाढवत नेऊन आलेख काढला, तो सपाट झाल्यावरच बीम सुरू करू दिला. परत आले तेव्हा सहाही तुकड्यांवर फोड होते, जुलैसारखेच, आणि सीमेवरची पायरीही जुलैच्या पायरीशी जुळली. मार्चच्या उरलेल्या पाच तुकड्यांवर तिने खोडरबर फिरवला नाही. डिसॉर्प्शनने निघालेला खरा डोस लिहून ते उंबरठ्याच्या अलीकडचा बिंदू म्हणून आलेखात घातले. त्यामुळे तिच्याकडे आता फोड नसलेला आणि फोड असलेला, दोन्ही बाजू आहेत.

नमुने आमच्याकडे पाठवताना पाकिटावर एवढं लिहा: पोलाद, ऊर्जा, भार एकेरी की दुहेरी, ठरवलेला डोस, कड्याचा दाब, नमुन्यावरचं तापमान, कक्षातला निर्वात, आणि रोपणाची तारीख. कड्याच्या दाबाचा रकाना रिकामा असेल तर मी पाकीट उघडायच्या आधी फोन करेन.